कळकातला काठ

इंग्लंडच्या पूर्व भागातल्या एका प्रयोगशाळेत मी उत्खननातल्या धातूच्या वस्तू साफ करते. त्या दिवशी टेबलावर आलेली जोडी सहाव्या शतकातल्या एका अँग्लो-सॅक्सन, म्हणजे समुद्रापलीकडून येऊन इथे वसलेल्या लोकांतल्या, बाईच्या कबरीतली. बाहीची चीर मनगटाशी बंद करायच्या ब्राँझच्या दोन पट्ट्या, एकीला आकडा, दुसरीला खाच. दोन्ही कळकून हिरव्यागार; हा हिरवा थर म्हणजेच कळक. सोबत संग्रहालयाची चिठ्ठी: प्रदर्शनासाठी हव्यात, लख्ख करून द्या. जणू चिंच लावून तांब्याच घासायचा होता!

पुढची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली स्काल्पेलने सुटत गेली. मागचा थर मात्र खडबडीत, आणि त्या खडबडीतपणाला शिस्त होती. दिवा तिरका केला तशी पिळाची एक ओळ डावीकडे कललेली दिसली, शेजारची उजवीकडे. माझं माहेर इचलकरंजीचं, ताणा-बाणा डोळ्यांना लगेच कळतो. ही चौकोनी फळ्यांवर विणलेली पट्टी होती. फळीच्या चार भोकांतून ताणा ओवायचा, फळ्या फिरवत बाणा घालायचा. थोडक्यात, बाहीचा काठ. कापड केव्हाच कुजलं होतं, पण ब्राँझमधल्या तांब्याचे क्षार धाग्यांत मुरले म्हणून वीण टिकली. कळक खरवडला असता तर काठही गेला असता.

असे आकडे मूळ स्कँडिनेव्हियाचे, विशेषतः नॉर्वेकडचे. तिकडे ते पुरुषही लावत. इथे ते बायकांच्याच कबरींत सापडतात, तेही मुख्यतः नॉरफोक, लिंकनशर अशा, अँगल टोळ्या वसलेल्या मुलखात. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून. बीड नावाच्या इंग्लंडमधल्या मठवासी इतिहासकाराने 731 साली इथे येऊन वसलेल्यांत सॅक्सन, अँगल, ज्यूट मोजले; त्या यादीत नॉर्वे नाही. आणि ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियाचे समुद्री लुटारू, तुटून पडले ते 793 साली. म्हणजे त्यांच्या जहाजांआधी सुमारे तीनशे वर्षं तिकडची फॅशन इथल्या मनगटांवर होती. लुटालुटीच्या गोष्टींना गर्दी होते, बाह्यांकडे कोण बघतं!

संग्रहालयात फोन केला.

“पण मागून हिरवंच राहील ना?”

“राहू द्या. खाली आरसा ठेवा.”

बरीच हुज्जत झाली. शेवटी पुढची बाजू साफ, मागची जशीच्या तशी, यावर तडजोड झाली. पेटीत हवा कोरडी ठेवायला सिलिका जेल घातलं आणि धाग्याचा एक कण वस्त्रतज्ज्ञ बाईंकडे पाठवला. मला जवसाचा धागा वाटत होता, त्यांचं उत्तर आलं: लोकर.