परभणीहून थेट तांब्याच्या गावात

परभणीच्या माणसाला ऊन काय शिकवता, असं म्हणत मेक्सिकोतल्या सांता रोसालियात उतरलो आणि दहा मिनिटांत टोपी शोधायला लागलो. एका बाजूला निळाशार कॅलिफोर्नियाचं आखात, दुसरीकडं उघडेबोडके डोंगर, झाड म्हणाल तर निवडुंग.

1885 मध्ये एल बोलेओ नावाच्या फ्रेंच कंपनीनं इथं तांबं काढायला घेतलं आणि त्यासाठी सगळं गावच वसवलं. घरं लाकडी, व्हरांडेवाली, आणि लाकूड सगळं जहाजानं बाहेरून आणलेलं कारण या वाळवंटात ते मिळणार कुठून! साहेब लोक वर मेसा फ्रान्सिया नावाच्या सपाट टेकाडावर, मजूर खाली घळीत. आपल्याकडं गढी उंचावर नि गाव पायथ्याला, तसलंच की हे.

गावातलं सांता बार्बरा चर्च आख्खं लोखंडी पत्र्याचं. आयफेल टॉवरवाल्या आयफेलचं डिझाईन म्हणून सगळे सांगतात, पण त्यावर वाद आहे म्हणे. मला तर बाहेरून आपल्या मोंढ्यातलं गोदाम आठवलं, आत गेल्यावर मात्र रंगीत काचांतून येणारा उजेड बघून गप बसलो.

फ्रेंच कंपनी 1954 मध्ये गेली. भट्टीचे गंजके सांगाडे, जुनी इंजिनं अजून तिथंच आहेत आणि फ्रेंचांची बेकरी पण चालू आहे, गरम लांबडा पाव घेतला नि फुटपाथवरच बसून संपवला.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणे, "एवढ्या लांब जाऊन पावच खाल्लास व्हय रे?"