येळ्ळूरच्या माळावर, जांभळ्या उजेडात

बेळगावहून येळ्ळूरगडाकडे निघालं की वस्ती विरळ होते आणि माळ लागतो. वळवाची एखादी सर दोन दिवसांपूर्वी पडून गेलेली आणि चांदणं नसलेलं, अशी रात्र आम्ही विंचू बघायला धरली. लख्ख चांदण्यात विंचू उघड्यावर कमीच येतात.

हातात अतिनील टॉर्च. स्वस्तातली ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीची टॉर्च जांभळा उजेड फार सांडते आणि त्यात विंचवाची चमक बुडते. ३६५ ची घ्यावी. बांधाच्या दगडांवरून उजेड फिरवला की विंचू हिरवट-निळा पेटतो. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, म्हणून ‘काहीच दिसलं नाही’ असं समजून दगडावर हात टेकू नका. विंचू हा उजेड टाळतात. दिसला की साधा टॉर्च लावा आणि अतिनील बंद करा.

आता नांग्या बघा. तांबड्या विंचवाच्या नांग्या बारीक, शेपूट जाड. त्याची सगळी भिस्त विषावर. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या ओल्या मातीत, चंद्रकोरीसारख्या तोंडाच्या बिळात राहणाऱ्या काळ्या इंगळीचं उलटं: नांग्या जाडजूड, भक्ष्य चिरडूनच मारायचं, विष बेताचं. विष तयार करायला अन्न आणि वेळ लागतो, त्यामुळे तांबडासुद्धा लहानसा किडा नांगीनेच दाबतो; डंख तडफडणाऱ्या, मोठ्या भक्ष्यासाठी राखतो. पायांवरच्या सूक्ष्म चिरांना जमिनीची थरथर कळते, म्हणून आपण पाय आपटला की तो जागीच थिजतो.

पण विंचूही कुणाचा तरी घास असतोच. माळावरचं फुरसं विंचू खातं, आणि संधिपाद (किडे, कोळी, विंचू असे जोडपायांचे प्राणी) खाणाऱ्या फुरशांचं विष विंचवावर जास्त चालतं, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. पिंगळाही विंचू उचलतो.

मुंगसाबद्दल मात्र गावोगावी फार बोललं जातं. मुळी खाऊन सापाचं विष उतरवतं वगैरे. खरं कारण त्याच्या स्नायूंत आहे: नागाचं चेताविष (चेतासंस्थेवर मारा करणारं विष) जिथे चिकटतं, ती ग्राहक-प्रथिनं मुंगसात बदललेली असतात आणि विष धड बसतच नाही. हा बदल चेताविषापुरताच. घोणशीचं रक्तावर मारा करणारं विष वेगळं. तिथे चपळाई आणि फुलवलेले राठ केसही कामाला येतात.

अमेरिकेच्या ॲरिझोनात एक उंदीर बार्क विंचू खातो. त्या विषाने त्याच्या वेदनेच्या चेतातंतूंचा संदेशच थांबतो, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. तो उंदीर आणि तो विंचू तिथले. आपल्या तांबड्याला हे गणित लावू नये.

माणसाला तर कुठलीच सूट नाही. तांबडा चावला की घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय, आणि पुढे फुप्फुसांत पाणी; मुलांना धोका सर्वांत जास्त. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, म्हणून विंचू उतरवणाऱ्याकडे तासभर न घालवता थेट दवाखाना गाठावा.

माळावर घोट्याच्या वर जाणारे बूट, दगड उलथायचा तर काठीने, आपल्याकडे ओढून, म्हणजे आतला प्राणी पलीकडच्या मोकळ्या बाजूने निसटतो. दगड होता तसाच परत ठेवा, खालची ओल जाऊ देऊ नका. भीमगडच्या अभयारण्यात मात्र रात्री शिरू नका. जांबोटी-कणकुंबीकडे शेतमालकाला सांगून बांधच धरा, इंगळीची बिळं तिथेही सापडतात.