११ दिवसांची मेहनत ब्लीचमध्ये
सकाळी सव्वासातला लॅबमध्ये आले, इनक्युबेटर उघडला आणि एचआयव्हीच्या कामासाठी ११ दिवस पोसलेल्या न्यूरॉन्सवर, म्हणजे मेंदूच्या पेशींवर, फंगस!! अख्खी प्लेट ब्लीचमध्ये. त्यात आईचा फोन, "तो रोग रक्तातला ना गं, मग तू मेंदूत काय शोधतेस?" आता काय सांगू, एचआयव्ही न्यूरॉनमध्ये सहसा शिरतच नाही, रक्तातल्या मोनोसाइट पेशींत बसून मेंदूत पोचतो, तिथल्या मायक्रोग्लियात (मेंदूची राखण करणाऱ्या पेशी) मुक्काम ठोकतो, म्हणजे राखणदारच फितूर, आणि मग तिथून टॅट नावाचं त्याचं प्रोटीन बाहेर पडतं ते शेजारच्या न्यूरॉन्सच्या मुळावर येतं. एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) गोळ्यांनी रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये दिसेनासा होतो, तरी काहींना विसरायला होणं, कामात संथपणा हे राहतंच.

मला भारी वाटतं ते हे, की भारतात जास्त सापडणाऱ्या सबटाइप सी या एचआयव्हीच्या प्रकारात टॅटच्या ३१ नंबरच्या जागी बहुतेकदा सिस्टीनऐवजी सेरीन असतं आणि हा टॅट न्यूरॉन्सना कमी छळतो. एका अमिनो आम्लाचा फरक फक्त! (हे डिशमधलं हं, पेशंटमध्ये एवढं सरळ नसतं.)

आई सगळं ऐकून म्हणाली, "बरं, जेवलीस का?"

नाही जेवले. नवीन प्लेट्स लावल्यात, आता परत ११ दिवस.