हॉर्न्सीचा टाउन हॉल
आज लंडनच्या क्राउच एंडमध्ये हॉर्न्सी टाउन हॉलसमोर कितीतरी वेळ उभी होते. १९३५ सालची ही इमारत रेजिनाल्ड यूरेन या मूळच्या न्यूझीलंडच्या वास्तुविशारदाची. विटांचा उंच, चौकोनी मनोरा पाहिला की नेदरलँड्समधलं हिल्व्हर्समचं नगरभवन आठवतंच, प्रभाव तिथलाच. जवळून बघा, विटांचा रंग एकसारखा नाही, उन्हात फिकट गुलाबी झाक येते. काय देखणं काम आहे!

१९६५ मध्ये हॉर्न्सीची नगरपालिका हॅरिंगे या नव्या, मोठ्या नगरपालिकेत विलीन झाली आणि इमारतीची रया गेली. आता मागे फ्लॅट उभे राहिलेत, डागडुजीचा खर्च निघावा म्हणून. मला ते पटतं. मात्र आतलं सभागृह सगळ्यांसाठी खुलं राहायलाच हवं. लोकांच्या पैशातून बांधलंय ते.