पाप्यांच्या पंगतीला बसणारा मित्र

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजाजवळ जाऊन भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी मला एक गोष्ट फार अस्वस्थ करते. पापकबुलीची प्रार्थना सर्वांबरोबर म्हणून झाली, की काही माणसे मागच्या बाकांवरच मान खाली घालून बसून राहतात. कोणाची दारू सुटलेली नसते, कोणाचे शेतीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद असते. आधी सुधारावे आणि मगच मेजाजवळ जावे, असे त्यांना वाटते. त्यांची भीती प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच ख्रिस्ताने पाप्यांशी मैत्री कोणत्या क्रमाने केली, हे शुभवर्तमानात नीट पाहिले पाहिजे.

यरीहोचा जक्कय हा मुख्य जकातदार होता. रोमी सत्तेसाठी कर गोळा करणाऱ्या या वर्गाचा लोकांना तिटकारा होता. उंबराच्या झाडावर चढलेल्या त्या माणसाला येशू नावाने हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरायचे आहे, असे सांगतो. तोवर जक्कयाने काही परत केल्याचा, इतकेच काय, पश्चात्तापाचा एक शब्द उच्चारल्याचाही उल्लेख शुभवर्तमान लिहिणारा लूक करत नाही. पुढे मात्र तो आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट फेडण्याचे वचन देतो. मोशेच्या नियमशास्त्राने दोष कबूल करणाऱ्याकडून मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढेच मागितले होते. कृपेमुळे पाप करायला मोकळीक मिळते, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडून पाहावा.

येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट मला त्याहूनही हलवते. ‘मी येशूला ओळखत नाही’ असे म्हणून पेत्र आपल्याला नाकारणार, हे ठाऊक असताना येशूने त्याच्यासाठी आधीच प्रार्थना केली होती. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवून तो शिष्यांना न्याहारीला बोलावतो, आणि ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ हा प्रश्न पेत्राला न्याहारी झाल्यावरच विचारतो.

आपल्या नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी निरनिराळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ज्या शहरात इतक्या जुन्या भिंती ओलांडून विश्वासी एका मेजाशी आले, तिथे एखाद्या खचलेल्या माणसाने त्याच मेजापासून दूर बसावे, याचे मला फार दुःख होते.

प्रभुभोजनाची भाकर अयोग्य प्रकारे खाणाऱ्याला प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात दिलेला इशारा अशा वेळी हमखास पुढे केला जातो. पण करिंथच्या मंडळीत काही जण इतरांसाठी न थांबता जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. तो इशारा त्या संदर्भातला आहे. शिवाय माणसाने स्वतःची परीक्षा करावी, असे सांगून पौल तिथेच थांबत नाही. परीक्षा करून मग त्या भाकरीतून खावे, असे तो लिहितो.