आमची वाटचाल: रक्तातली चरबी मोजता मोजता

आम्ही रक्तातली आणि यकृताच्या तुकड्यांमधली चरबी मोजतो. एवढं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे कोलेस्टेरॉल?" ते नाही. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे आकडे कुठलीही लॅब देते. आमच्याकडे त्याच रक्ताच्या थेंबातले शेकडो लिपिड, म्हणजे चरबीचे, रेणू मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनवर) सुटे सुटे मोजले जातात. त्यांतले काही यकृताच्या कॅन्सरची चाहूल देतात का, हा एकच प्रश्न घेऊन आम्ही दोघांनी दुकान मांडलं. मी रसायनवाला, माझी भागीदार पॅथॉलॉजिस्ट. मशीन जुनं, घेतलेलं हप्त्यावर.

प्रश्न तिचा होता. हा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच बिघडलेल्या यकृतात होतो: हेपटायटिस बी किंवा सी, दारू, फॅटी लिव्हर, आणि त्यातून आलेला सिरॉसिस, म्हणजे वण पडून निबर झालेलं यकृत. अशा रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात, जोडीला एएफपी या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी. हे एएफपी १९६३ साली आबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांत सापडलं आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना रुग्णांच्या रक्तात. साठ वर्षं उलटली, तरी लहान गाठ असताना बऱ्याच जणांचं एएफपी हलतच नाही, आणि गाठ नसतानाही नुसत्या हेपटायटिसने ते वाढून बसतं. तिच्या टेबलावर बायोप्सी यायच्या त्या उशिराच्या. "याच्या आधी काहीतरी दिसायला हवं," एवढंच ती म्हणायची.

चरबीवर पैज लावली ती माझी. शरीरातल्या चरबीची बरीचशी घडामोड यकृतातच होते. शिवाय वेगाने वाढणाऱ्या गाठीला नव्या पेशींच्या पडद्यांसाठी माल लागतो, आणि तो बाहेरून येईपर्यंत ती थांबत नाही. फॅटी ॲसिड सिंथेज हे एन्झाइम वाढवून ती स्वतःच फॅटी ॲसिड तयार करते. मग दुसरं एक एन्झाइम त्यांतल्या स्टिअरिक ॲसिडमध्ये एक दुहेरी बंध घालून ओलेइक बनवतं. त्यामुळे गाठीच्या ऊतीत संतृप्त (दुहेरी बंध नसलेल्या) आणि एका दुहेरी बंधाच्या साखळ्या वाढतात, अनेक बंधांच्या मागे पडतात. ऊतीत हे दिसतं. रक्तात दिसेल का, हीच पैज.

आणि दिसलं! पहिल्याच खेपेत लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन नावाचं एक लिपिड, आमच्या भाषेत एलपीसी, कॅन्सरच्या रुग्णांत इतकं खाली होतं की आलेखावर दोन गट दोन बेटांसारखे सुटे पडले. मी पेढे वाटायचेच बाकी होते. तिने आलेख पाहिला आणि विचारलं, "हे दुसरं बेट कोणाचं?" रक्तदात्यांचं. धडधाकट माणसं. "मग तू कॅन्सर मोजलास की आजारी यकृत?"

सिरॉसिस आहे पण कॅन्सर नाही अशा लोकांचे नमुने मिळवायला कित्येक महिने गेले. ते मशीनवर चढवले आणि दोन्ही बेटं एकमेकांत बुडाली. कारण पाठ्यपुस्तकातलंच होतं. रक्तातलं एलपीसी बऱ्याच अंशी एलकॅट नावाचं एन्झाइम तयार करतं, आणि ते एन्झाइम बनवतं यकृत. यकृत थकलं की एलकॅट कमी, एलपीसीही कमी. कॅन्सर असो वा नसो. आम्ही थकवा मोजला होता. याच सुमारास एका वितरकाला 'कॅन्सर टेस्ट' असं छापलेलं पाकीट बाजारात आणायची घाई झाली होती. आगाऊ रक्कमही देऊ केली होती. आम्ही नाही म्हटलं आणि पुढचे काही हप्ते उशिरा भरले. पाकीट निघालं असतं तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्यानंतर आमचा अर्धा वेळ मशीनवर नाही, नमुन्यांच्या चौकशीत जातो. उपाशीपोटी घेतलं का? रक्त गोठू न देणारी ईडीटीए ट्यूब होती का साधी? सेंट्रिफ्यूज किती वेळाने? रक्त काढलं म्हणजे त्यातली रसायनं थांबत नाहीत. ऑटोटॅक्सिन नावाचं एन्झाइम ट्यूबमध्येही एलपीसी तोडून लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड करत राहतं. एका गटाच्या ट्यूबा तासाभरात गोठवल्या आणि दुसऱ्याच्या दुपारभर टेबलावर राहिल्या, तर संगणक अगदी सुबक 'मार्कर', म्हणजे आजाराची खूण, काढून देतो. तो मार्कर असतो दुपारच्या आळसाचा.

ऊतींची तऱ्हा वेगळीच. एकदा शस्त्रक्रियेत काढलेल्या यकृताचे तुकडे आले. ड्राय आइस व्यवस्थित, लेबलं व्यवस्थित. पहिला नमुना टाकला आणि पडद्यावर कंगवा उमटला: एकसारखी शिखरं, दोन शिखरांत वजनाचं बरोबर ४४ चं अंतर. लिपिड नावालाही नाहीत. मी आयन सोर्स उघडून घासला, कॉलम बदलला, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिने एक तुकडा चिमट्यात धरून उजेडात पाहिला. "अरे, याला तर ओसीटी लावलंय." गोठलेल्या ऊतीचे पातळ काप घेता यावेत म्हणून लावतात तो चिकट लेप. त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं, आणि त्या साखळीची एकेक कडी ४४ ची. तो सगळा लॉट वाया. तेव्हापासून मागणीपत्रावर पहिली ओळ ठळक अक्षरात आहे: ओसीटी नको. दुसरी ओळ: पॅराफिनचे ठोकळेही नकोत, कारण ते बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी आधीच धुतली जाते.

एक सुधारणा मात्र मनासारखी झाली. चरबी वेगळी काढायला आम्ही फोल्च यांची १९५७ ची क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची रीत वापरायचो. त्यात लिपिड खालच्या थरात जातात, मध्ये प्रथिनांची पांढरी चकती, आणि पिपेट त्या चकतीतून खाली घालावं लागतं. जरा हात हलला की कचरा आत. २००८ साली आलेल्या एमटीबीई या द्रावकाच्या रीतीत लिपिड वर तरंगतात, साय काढावी तसे काढून घ्यायचे. आमच्याकडच्या नव्या मुलांना चकतीचं दुःख माहीतच नाही.

आज आम्ही टेस्ट विकत नाही, मोजमाप विकतो. गिऱ्हाईक संशोधक आहेत. प्रत्येक नमुन्यात ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या मापाचे लिपिड, घालतो. आमचा सगळ्यात महाग माल तोच. दर काही नमुन्यांनंतर एकच मिश्र प्लाझ्मा पुन्हा चालवतो, म्हणजे मशीन भरकटलं की लगेच कळतं. बाहेरची फुटपट्टी म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा संदर्भ-प्लाझ्मा ठेवतो. २०१७ मध्ये तोच प्लाझ्मा ३१ प्रयोगशाळांनी मोजल्याचे निकाल प्रसिद्ध झाले. त्या आकड्यांशेजारी आपले आकडे मांडताना अजूनही छातीत धडधडतं.

मूळ प्रश्न सोडलेला नाही, मांडणी बदलली. आता एका रुग्णाची तुलना दुसऱ्याशी नाही, त्याच रुग्णाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या रक्ताशी. सिरॉसिसच्या शंभर जणांत वर्षाला मोजक्याच जणांना गाठ होते, त्यामुळे वर्षानुवर्षं नमुने जमवत राहावं लागतं. या कामासाठी उणे ८० चा दुसरा डीप फ्रीझर घेतला आहे. तो अजून अर्धाही भरलेला नाही.