वाळवी नाही लागली का हो इथे?

आईबाबा आले होते तेव्हा कोलोरॅडोतल्या ड्युरँगोहून न्यू मेक्सिकोतल्या अॅझ्टेक रुइन्सला, म्हणजे जुन्या दगडी वस्तीचे अवशेष बघायला, गेलो होतो, तेव्हाच लिहायचं होतं पण राहून गेलं. पहिलं म्हणजे नावच चुकलंय. गोऱ्या सेटलर्सना वाटलं एवढं मोठं बांधकाम म्हणजे मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांचंच असणार, आणि तेच नाव गावालाही चिकटलं. खरं तर हे बांधलं इथल्याच मूळ रहिवाशांच्या, प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी, साधारण ११०० च्या सुमाराला, आणि १३०० च्या आसपास ते इथून निघून गेले. गायब वगैरे काही झाले नाहीत हां, होपी, झुनी, आकोमा हे समाज त्यांचेच वंशज, आजही आहेत.

इथल्या वेस्ट रुइन या मुख्य इमारतीत सुमारे ४०० खोल्या आहेत. दारं इतकी बुटकी की आई प्रत्येक चौकटीपाशी "डोकं सांभाळा" म्हणत होती, आजोळच्या वाड्यात म्हणायची तसंच. काही खोल्यांवर मूळचं लाकडी छत अजून आहे, नऊशे वर्षांचे वासे! आईचा पहिला प्रश्न, वाळवी नाही लागली का? हवा कोरडी, आणि छताच्या आत पाणी शिरलं नाही, म्हणून टिकलं.

फोटो सगळे काढतात तो ग्रेट किवाचा, म्हणजे जमिनीत अर्धवट उतरलेली भलीमोठी गोल धार्मिक खोली. आत गार, अंधुक, मस्त वाटतं. पण तो अर्ल मॉरिस या पुरातत्त्वज्ञाने १९३४ मध्ये पुन्हा उभा केलेला आहे, छत वगैरे सगळं त्याच्या अंदाजाने. मला ते जरा खटकलंच, पण खरं सांगायचं तर तो नसता तर आईला किवा काय ते कळलंच नसतं.

जास्त घोळ सिमेंटने केला. जुन्या दुरुस्त्यांत पोर्टलँड सिमेंट वापरलं, ते भिंतींच्या वालुकाश्मापेक्षा कडक, त्यामुळे पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडात साचतं आणि झिजतो तो दगडच, सांधा तसाच्या तसा. आता ते काढून सांध्यांत मातीचा गारा भरतात. अजिंठ्यात निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं वार्निश लावलं आणि ते पिवळं पडलं ना, तीच गत. भलं करायलाच गेले होते बिचारे.

आणि खोदलेल्या बऱ्याच खोल्या आता परत मातीने भरून टाकल्यात! ऊनपाऊस, बर्फ, गोठणं-वितळणं, सगळ्यांपासून माती वाचवते, शेकडो वर्षं तिनेच वाचवलं होतं. बाबा म्हणाले, "मग तिकडून आलो ते बघायला काय?" मी समोर ईस्ट रुइनकडे बोट दाखवलं, ते बरचसं खोदलेलंच नाही, नुसता झुडपं उगवलेला उंचवटा. बाबा बराच वेळ बघत राहिले. घरी येऊन फोटो चाळले तर किवाचे ४७ आणि त्या उंचवट्याचा एक, तोही बाबांनी काढलेला, अर्ध्यात त्यांचं बोट.